वाढत्या अंगाचा स्वेटर

"आई, पदराखालचा टॉवेल काढ! काढ आधी! वहिनी, टेप सोड तू, हे माप धरायचं नाही!"

नणंद ओरडत होती. भुईगावात आमच्या घरापासून किनारा चांगला लांब आहे, तरी त्या दिवशी तिच्या आवाजाने निघालेल्या होड्या परत फिरल्या असं मी सगळ्यांना सांगते, आणि आजवर मला कोणी खोटं पाडलेलं नाही. मी सासूबाईंच्या छातीभोवती टेप धरून उभी होते. सासूबाई श्वास कोंडून बेडकीसारख्या फुगल्या होत्या आणि त्यांच्या पदराखालून आंघोळीच्या टॉवेलचं टोक लोंबत होतं. घड्या घालून, नीट पोटाला गुंडाळलेला टॉवेल.

"थंडी वाजते म्हणून बांधलाय," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, डोक्यावर पंखा फिरतोय!"

"म्हणूनच वाजते."

आता हे सगळं कशासाठी, तर स्वेटरसाठी. सासूबाई पावसाळाभर अंथरुणात होत्या. पोटाचं ऑपरेशन झालं, मग ताप चिकटला, आणि ताप गेला तो अर्ध्या सासूबाई सोबत घेऊन गेला. त्याआधीच्या सासूबाई तुम्ही पाहिलेल्या नाहीत, तुमचं नशीब. त्या वाडीतून चालल्या की पिकलेले नारळ आपण होऊन खाली यायचे. रिक्षात मागे बसल्या की पुढचं चाक जमीन सोडायचं, म्हणून रिक्षावाले केळ्यांचे घड पुढे आपल्या पायाशी घ्यायचे. आणि आता? हवेवर पदर उडाला तर पदराबरोबर त्याही जातील की काय, असं वाटायचं.

वसईच्या बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांची जागा आहे. केळी, अळू, विड्याची पानं, हंगामात सोनचाफा. उजाडायच्या आत तिथे बसायचं, म्हणून थंडीत स्वेटर लागतो. पण नणंदेने मनात ठरवून टाकलं होतं की आईचा बाजार संपला. पायरीवरची जागा शेजारणीला द्यायची आणि आईला विरारला आपल्या फ्लॅटवर न्यायचं, लिफ्टवाल्या. वाईट होतं तिच्या मनात असं नाही. दवाखान्यात आईच्या उशाशी तीच बसली होती, आणि तिथे ती जी घाबरली ती घाबरलेलीच राहिली. आमच्या नणंदेची भीती तोंडावाटे बाहेर पडते आणि फार मोठ्याने पडते, एवढंच.

"वहिनी, आई आता आहे तेवढ्याच मापाचा विण," ती म्हणाली. "सुटसुटीत. घरात घालायला."

"आणि मी सांगते, वाढत्या अंगाचा विण," सासूबाई म्हणाल्या. (त्या हे सगळं आपल्या घरच्या बोलीत म्हणाल्या. माझं माहेर साताऱ्याकडचं. इतकी वर्षं इथे नांदून ती बोली मला समजते, पण लिहायला गेले तर त्या मला सुईने टोचतील. म्हणून माझ्या मराठीत.)

वाढत्या अंगाचा! हे ऐकून माझ्या हातातली टेप गळाली. विणकामात माझा एकच धर्म आहे आणि तो मी आसपासच्या वाड्यांत बाप्तिस्म्याच्या टोपड्यांपासून बारशाच्या मोज्यांपर्यंत सगळीकडे पाळलाय. आधी नमुन्याचा चौकोन विणायचा, तो धुवायचा, वाळवायचा आणि मग त्यातले टाके मोजायचे. मग माणूस मोजायचा. अंदाजाने विणतो तो माणसासाठी विणत नाही, उशीसाठी विणतो. आणि वाढत्या अंगाचं तर माझ्यापुढे नावही काढायचं नाही. माझा शाळेचा प्रत्येक फ्रॉक वाढत्या अंगाचा होता. पहिलीतला फ्रॉक मला बसायला लागला तेव्हा तो कोपरापाशी फाटला होता आणि मी चौथीत होते. दुसरीत माझ्या फ्रॉकमध्ये एकदा शेजारची कोंबडी तासभर लपली होती, मला पत्ता नाही. तेव्हाच मी शपथ घेतली होती की जगात कोणालाही होणाऱ्या मापाचं विणून द्यायचं नाही, असलेल्या मापाचंच द्यायचं.

"आई, वाढत्या अंगाचं लहान मुलांना शिवतात," मी समजावलं.

"का शिवतात?"

"ती वाढणार असतात म्हणून."

"मग मीपण वाढणार आहे."

"आई, मुलं उंचीला वाढतात."

"मी रुंदीला वाढेन. तुला काय करायचंय? लोकर तेवढी जास्त घे."

नणंद मध्ये पडली. "आई, सत्तरी ओलांडलीस तू. मापात राहा जरा."

तेव्हा सासूबाईंनी टॉवेल सोडला. रागाने नाही, हळूच, आणि खाटेवर ठेवून त्याच्या घड्या घालत बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, ह्या हाडांच्या मापाचा विणलास तर तो छान बसेल. मग सगळे म्हणतील, बघा, कसा बरोबर बसला. मग मी तेवढीच राहीन."

होड्या परत समुद्राकडे निघाल्या.

मी माझा धर्म गुंडाळून कपाटात ठेवला. पण अंदाजाने विणायचं नाही हे मी तरीही सोडलं नाही. होणाऱ्या मापाचं विणायचं तर तेही मोजून. मग पूर्वीच्या सासूबाई मोजायच्या कशा? जुना स्वेटर काढला. तो वर्षानुवर्षं दाराच्या खिळ्याला टांगून टांगून इतका सैल झाला होता की त्यात मी, नवरा आणि एखादा पाहुणा सहज राहिला असता. विणलेला कपडा टांगला की तो स्वतःच्या वजनाने उतरतो, त्याचं माप म्हणजे नुसती थाप. शिवलेला कपडा मात्र खोटं बोलत नाही. पूर्वीचा ब्लाउज हवा होता. पण सगळे ब्लाउज नणंदेने टेलरकडे देऊन आटवून घेतले होते. प्रत्येक बाजूने शिवण आत, आणि जास्तीचं कापड कापून टाकलेलं, म्हणजे परत उसवायची सोयच नाही.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे," नणंद म्हणाली. "लोंबत होते."

ती चहा करायला आत गेल्यावर सासूबाईंनी मला बोटाने खुणावलं. तांदळाच्या डब्याकडे. मी हात घातला, तर तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला, मऊ, जांभळा ब्लाउज. आजारपणाआधीचा. अंथरुणातून उठताही येत नव्हतं तेव्हा त्यांनी तो तिथे कोणाकडून ठेवून घेतला हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय नवऱ्यावर आहे. तो त्या दिवशी फारच निरागसपणे पेपर वाचत होता.

माप मिळालं. वर स्वेटरचा सैलपणा धरला. नमुन्याचा चौकोन विणला, धुतला आणि अंगणात सुकटीशेजारी वाळत घातला. ही चूक झाली. मांजराने तो बोंबील समजून पळवला आणि गावभर फिरवला. परत आला तेव्हा त्यातले टाके मोजायचे की दात हे कळेना. दुसरा चौकोन केला.

मग पाठ विणली. सुरेख. उजवी पुढची बाजू विणली. सुरेख. डावी बाजू घेतली तेव्हा नणंद राहायला आली आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली. "अजून टाके घालतेस? वहिनी, हा स्वेटर आहे की लग्नाचा मांडव? तू तिच्या नादी लागतेस म्हणून ती अशी करते." मी विणतच राहिले. पण मी चिडले की माझा हात आवळतो. तेवढेच टाके, तीच सुई, तीच लोकर, आणि डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटं अरुंद झाली! नणंदेने ती उचलून आईच्या छातीवर धरली. "बघ! ही कशी बरोबर बसते!"

मी ती तिच्या हातातून घेतली आणि तिच्यासमोर उसवली. सगळी.

"वन्सं," मी म्हटलं, "रागाचं माप मी कोणाच्या अंगावर घालत नाही."

आणि मी मागच्या खोलीतलं निटिंग मशीन काढलं, त्यावर नवा चौकोन केला आणि पाठीपासून सगळं पुन्हा विणायला घेतलं. मशीनला नणंद नसते. त्याचा ताण एकदा लावला की लावला. शिवाय ते खर्रखट्ट खर्रखट्ट असं गर्जतं की शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत नाही, मग समोरचं काय ऐकू येणार? नणंदेचे ओठ हलताना दिसत होते. ती माझ्या विणकामाची सर्वात सुखाची दुपार.

स्वेटर झाला. पहिल्या गार पहाटे सासूबाई तो साडीवर घालून, बटणं लावून ओट्यावर उभ्या राहिल्या. खरं सांगते, खुंटीवर टांगलेल्या बंगल्यासारखा दिसत होता. आजारपणात हातांची लांबी कमी होत नाही, पण खांदे उतरले की बाह्या घरंगळतात. त्यांची बोटंसुद्धा दिसत नव्हती. मला क्षणभर वाटलं, चुकलंच माझं. पण सासूबाईंनी एक बाही दुमडली, मग दुसरी दुमडली, आणि टोपलीतली पानं मोजायला घेतली. नवरा रिक्षा आणायला रस्त्यापर्यंत गेला होता.

रिक्षा आली तशी नणंद बाहेर धावली. केस मोकळे, डोळे भरलेले, आणि आवाज तसाच. "आई, लोक हसतील गं तुला! दोन माणसं मावतील ह्यात! हा तुला बसणार तरी कधी?"

सासूबाई रिक्षात बसल्या. पुढचं चाक जमिनीवरच राहिलं. त्यांनी आत सरकून टोपलीला जागा केली.

"पुढच्या थंडीला," त्या म्हणाल्या. "टोपली दे."