गोदावरीत बुडालेलं माकड

लढाईच्या दिवसांत पुणतांब्याच्या घाटावर सर्कशीतला एक माणूस भेटला होता. त्याच्या खांद्यावर आफ्रिकेतलं माकड, मांजराच्या पिलाएवढं. बोलताना तो त्याची शेपटी बोटाला गुंडाळायचा. माकडाचं शास्त्रातलं नाव मात्र ताठ उभा राहून सांगायचा, "मायोपिथेकस तालापोइन! अर्थ काय, तर बारकं माकड."

तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि माकडानं नदीत उडी टाकली. वर येईना. धुणं टाकून बाया रडू लागल्या. आमच्याकडं माकड मेलं की वाजतगाजत नेतात. पाटील ओरडले, "मारुतीराया गेला! टाळ आणा!"

बायकोनं मला ढकललं. "बघताय काय? मारा उडी!"

त्या माणसानं माझा दंड धरला. "दम धरा, पाव्हणं. ह्याची जात नदीवरच्या फांदीवर झोपती. साप आला की पान्यात बुडी. ह्याला बुडवनारी नदी अजून व्हायचीय."

दूर धारेत डोकं वर आलं! आख्खा घाट नाचला. बायकोनं ते नाव एका दमात म्हटलं. मला कधीच जमलं नाही, त्यावरून ती जन्मभर हसली.

परवा तिची राख तिथंच सोडली. पोरं रडत होती. मी ताठ उभा राहिलो आणि ते नाव खणखणीत घेतलं, एकदाही न अडखळता.