पूजेच्या तांब्यातलं निळं रक्त

"एक शब्द बोलू नगंस मदी! लिंगाला पाणी घालायचा तांब्या ह्यो, आन त्याच्यात खेकड्याचं रगत?"

आप्पांचा आवाज एवढा चढला होता की समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मी उमरग्याहून जीपने नुकतीच परतले होते. पोत्यात भुसा घालून आणलेला बर्फ निम्मा वितळून माझ्या साडीवर गळत होता. आप्पा म्हणजे माझे सासरे रेवणप्पा, लोहाऱ्यातले भुसार व्यापारी. ओसरीवर उभं राहून त्यांनी तो तांब्या हातभर लांब धरला होता, जणू त्यात विंचू आहे.

"आप्पा, जरा हळू," शिवलिंग, माझा नवरा म्हणाला. "रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे की! तुला तर बोलायला तोंडच न्हाय. लिंगायताचं पोरगं नदीत बसून खेकडे धरतंय, आन बोटाला फडकं बांधून गल्ल्यावर बसतंय. गिऱ्हाईक इचारतंय, मालक, काय चावलं? काय सांगावं? सुनंचं शिक्षण चावलं म्हणावं?"

गिरणीतलं कोणीतरी हसलं.

"महानंदा, सोमवारी साखर कारखान्यात हजर व्हायचं," आप्पा माझ्याकडे वळले. "चेअरमनला शब्द दिलाय म्या. केमिस्टची जागा हाय, सावलीतलं काम हाय. उसाच्या रसाला कोण इटाळ म्हणत न्हाय."

मी पोतं हातात धरूनच तांब्यात डोकावले. रक्त मी काचेच्या बाटलीत ठेवून गेले होते. तांब्यात ते मी ओतलं नव्हतं. पण कोणी ओतलं हे मला लगेच कळलं होतं. त्या तांब्याला घरात एकच माणूस हात लावत असे, माझ्या सासूबाई, शांताक्का. सगळा गाव त्यांना अक्का म्हणायचा, मीही तेच म्हणायची. त्या वेळी त्या चौकात टँकरच्या रांगेत होत्या. शहाऐंशी साल होतं. लोहाऱ्यातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते.

अक्कांचं माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या बाजूला. राग आला की त्या कानडीत बोलायच्या, माया आली की मराठीत. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी उठून चूळ भरायच्या. रोज सकाळी चिंचेनं घासून तो तांब्या सोन्यासारखा करायच्या आणि मगच गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या. तांब्या त्यांच्या आईचा होता. घरात दुसऱ्या कोणी त्यातून पाणी प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं.

तरी लग्नानंतर मला पुढं शिकायला औरंगाबादला पाठवलं ते त्यांनीच. आप्पा नको म्हणाले तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "शिलाई मशीन इकत आणून त्याच्यावर पापड वाळवायचे व्हय?"

माझं काम त्यांनी एकदा शेंगा फोडता फोडता विचारून घेतलं होतं. मी सांगितलं की माणसाच्या रक्तात लोखंड असतं, तसं खेकड्याच्या रक्तात तांबं असतं. श्वासातला प्राणवायू ते तांबं वाहून नेतं. रक्त आधी जवळपास बिनरंगी असतं, हवा लागली की निळं होतं.

"निळं?" अक्कांचा हात थांबला. "नीळकंठागत?"

"तसंच, अक्का. त्या रक्तातून आम्ही क्ष-किरणांचा झोत सोडतो. पलीकडं वाकवलेला अभ्रकाचा पापुद्रा असतो, तो झोत पसरवून फिल्मवर टाकतो. तांबं किरणांना एका ठरावीक जागी अडवतं, तिथं फिल्मवर एक कडा उमटते. तांब्याच्या शेजारी कोण बसलंय, त्याप्रमाणं ती कडा केसभर इकडं नाहीतर तिकडं सरकते. त्यावरून ओळखायचं की तांबं तिथं कसं बसलंय आणि प्राणवायू कसा धरतंय."

"म्हंजी शेजार बघून माणूस वळखायचा," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या. इतकं सोपं मला माझ्या सरांनाही सांगता आलं नव्हतं.

रक्तात तांबं फार थोडं असतं, म्हणून रक्त पुष्कळ लागायचं. नळदुर्गला बोरी नदीत आता नुसते डोह उरले होते. तिथं शिवलिंगनं खेकडे धरले आणि मी सुईनं प्रत्येकाचं थोडं थोडं रक्त काढून त्यांना परत पाण्यात सोडलं. पुढच्या आठवड्यात औरंगाबादला क्ष-किरणांच्या यंत्रावर माझी पाळी होती. ती चुकली तर पुन्हा कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नव्हतं आणि कारखान्याची जागा तोवर थांबणार नव्हती. एवढ्यात बर्फ संपला म्हणून मी उमरग्याला गेले, आणि मागं हे झालं.

"बोल की आता!" आप्पा ओरडले. "का तांब्या आपल्या पायानं चालत गेला?"

"चुकलं, आप्पा," मी म्हणाले.

"तिचं काय चुकलं?"

अक्का दारात उभ्या होत्या. डोक्यावर घागर, पदर ओला. गिरणीवाल्यांनी बाजूला सरून त्यांना वाट दिली होती. त्यांनी घागर उतरवली, तोंड पुसलं आणि आप्पांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"म्या वतलं ह्याच्यात."

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "तू? तुझ्या हातानं?"

"मग काय पायानं? बर्फ इतळला हुता, बाटली तापली हुती. पोरीनं चार दिस उन्हात बसून गोळा केलंय, ते नासू द्यायचं व्हय? वाळूवर वलं फडकं टाकून त्याच्यावर ठिवला." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "तूच म्हणलीस न्हवं, त्याच्यात तांबं हाय म्हून? म्हणलं, तांब्याच्या भांड्यात ऱ्हाईल तर आपल्या माणसात ऱ्हायल्यागत हुईल. चांगलं ऱ्हायलंय न्हवं?"

मला हो म्हणावंसं वाटलं. माझ्या कामाला त्या घरातलं सगळ्यांत पवित्र भांडं मिळालं होतं. प्रयोगशाळेत मला एक साधी बाटली मागून घ्यावी लागायची, आणि इथं एका बाईनं आपल्या आईचा, आपल्या देवाचा तांब्या कोणी न मागता पुढं केला होता. त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडले असते. पण अक्कांना खोटं सांगून काम पुढं नेणं मला जमणार नव्हतं.

"अक्का, भांड्याचं तांबं त्यात उतरलंय," मी म्हणाले. "लग्नघरात वऱ्हाड शिरलं की घरची माणसं कोण ते कळत नाही. फिल्मवर आता सगळ्यांची मिळून कडा येईल. रक्तातलं तांबं कुठलं हे मला सांगता येणार नाही."

"धुऊन निघत न्हाय?"

"खात्री देता येत नाही."

अक्का पायरीवर बसल्या. शिवलिंगनं माझ्या हातातलं पोतं घेऊन सावलीत ठेवलं. आप्पांचा राग उतरला होता. ते जवळ आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे, शांते. शिवाच्याच मनात न्हवतं म्हणायचं. कारखाना काय वाईट हाय?"

"शिवाचं नाव तुमच्या सोयीला लावू नगा," अक्का म्हणाल्या. मग मला विचारलं, "डोहात खेकडे हायत अजून?"

"आहेत. पण धरायला दुसरं माणूस लागतं. यांचं बोट अजून सुजलेलंच आहे, आणि नळदुर्गचे भोई कामाला बाहेर गेलेत."

"धरायचं कसं?"

"पाठीमागून, दोन्ही बाजूंनी. नांग्या आपल्याकडं येत नाहीत." मी सांगून गेले, आणि मग लक्षात आलं की त्या का विचारत होत्या.

"आगं, रगत काढलं की परत सोडायचं न्हवं? मरत न्हायत ते?"

"नाही, अक्का. पाण्यात गेले की चालायला लागतात."

अक्का उठल्या. पदर खोचला, घागर उचलली आणि स्वयंपाकघराकडं जाता जाता, मागं न बघता, सगळ्या घराला सांगितलं, "महानंदा कारखान्यात जानार न्हाय. उद्या पैल्या यष्टीनं आमी दोघी नळदुर्गला जानार. खेकडे म्या धरनार. भाकरी बाप-लेकानं करून खायाची."