अकरा नग, मोजून मिळाले

कोंबड्या पाळल्या की अंडी रोज मिळतात असं नाही, किस्से मात्र रोज मिळतात! आमच्याकडे आता इतके साठलेत की चहाला बसलं की कुणीतरी "ते मुंगसाचं सांगा ना" म्हणतंच.

आमच्याकडे म्हणजे काय, दिल्लीतली आम्ही तीन मराठी टाळकी. भालेराव काका केंद्र सरकारातून रिटायर झालेले. द्वारकेच्या पुढे, नजफगडच्या बाजूला त्यांचं छोटं घर आहे, मागे मोठं अंगण. काकू गेल्यावर घर फार गप्प झालं म्हणून काकांनी आधी कोंबड्या आणल्या, मग बदकं. दुसरा रफिक मुलाणी, मूळचा साताऱ्याचा, गुरुग्रामला आयटीत. आणि तिसरी मी, मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. रविवारी आम्ही दोघं काकांकडे अंडी आणायला जायचो आणि कुंपण दुरुस्त करून परत यायचो!

*

पहिलं कुंपण काकांनी अगदी सरकारी पद्धतीनं केलं. तीन कोटेशन, तुलनेचा तक्ता, सगळ्यात स्वस्त ती जाळी पास! षटकोनी भोकांची, पातळ तारेची. दिसायला छान.

आठवड्यात भर दुपारी गल्लीतल्या कुत्र्यानं ती दातांनी फाडली आणि दोन कोंबड्या नेल्या. काका तावातावानं हार्डवेअरवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "अंकलजी, ये जाली मुर्गी को अंदर रोकती है. कुत्ते को बाहर रोकने की बात तो आपने की ही नहीं!"

काका परत येऊन म्हणाले, "चूक माझीच. मागणीपत्रात कुत्रा लिहायचा राहिला." आणि जाड तारेची, वेल्डिंगची जाळी आणली.

*

त्याच सुमारास काकांचा मुलगा निखिल आला. तो द्वारकेत अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे हो, पण काळजी करायला लागला की समोरच्याचा जीव नकोसा करतो.

"बाबा, तुमच्याच्यानं हे आता होत नाही. माझ्याकडे चला."

"तिथं बदकं कुठं ठेवू? बाथरूममध्ये?"

बरीच वादावादी झाली. शेवटी तह झाला. सात कोंबड्या आणि चार बदकं, एकूण अकरा. निखिलनं दर महिन्याला येऊन मोजायचं आणि वहीत सही करायची. कुत्र्यानं नेलं, मांजरानं नेलं, कुणीही नेलं आणि अकराचे दहा झाले, की काकांनी सामान बांधायचं.

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्या अंगणात काकूंनी लावलेला कढीपत्ता आहे, रोज सकाळी काका त्याच्याशी बोलतात. ते मी एकदा ऐकलंय, म्हणून मलाही हसल्याचं वाईट वाटलं.

*

मग आलं मुंगूस. ते जाळी फाडत नाही, खालून उकरतं. रफिकनं लॅपटॉपवर प्लॅनच काढला. जाळी दीड फूट जमिनीत पुरायची आणि खाली बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे उकरणाऱ्याला तारच लागेल. तीन रविवार आम्ही खणत होतो. माझ्या कमरेचा पार भुगा झाला.

चौथ्या रविवारी बघतो तर मुंगूस आत! कोंबड्या छपरावर चढून बोंबलत होत्या म्हणून वाचल्या. आलं कुठून? तर काकांनी फाटकाखाली चार बोटं फट ठेवली होती, पावसाचं पाणी जायला.

रफिक कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, यार, आपण किल्ला बांधला आणि पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवलं!"

*

घारीसाठी रफिकनं ऑफिसातल्या ट्रेनिंगच्या जुन्या सीडी दोरीला टांगल्या. चमकल्या की घार घाबरते म्हणे. घार आली, दोरीवरच बसली आणि सीडीत मान वाकडी करून स्वतःला न्याहाळत राहिली!

काका म्हणाले, "रफिक, तुमचं ट्रेनिंग पहिल्यांदाच कुणीतरी इतकं मन लावून बघितलं."

शेवटी वरून जाळं ताणलं, तेव्हा कुठं घार गेली.

*

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकांना दोन दिवस जायचं होतं. चार्ज माझ्याकडे. वहीत रीतसर लिहिलं, "अकरा नग, मोजून मिळाले." चहा पिता पिता मी सही ठोकली. ऑफिसात वर्षानुवर्षं तेच करत आलेय.

संध्याकाळी मोजली तर दहा! आता काकांचं घर माझ्यामुळे सुटणार! दोन तास वेड्यासारखी शोधत होते. हरवलेल्या बदकबाईसाहेब सापडल्या कूलरच्या टाकीत, निवांत तरंगत!

काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मोजल्याशिवाय सही करायची नाही, माधुरी. सही म्हणजे शब्द असतो."

*

गेल्या जानेवारीत दाट धुकं पडलं होतं. रविवारी सकाळी मी आणि रफिक पोचलो तर काका अंगणात नुसते उभे. जाळी धड होती, मुंगसानंतर फाटकाखाली ठोकलेली फळी जागच्या जागी. बदकांच्या खुराड्याचं दार मात्र उघडं होतं, आणि नाल्याच्या दिशेनं पांढरी पिसं पडली होती. कोल्हा असणार.

"कडी लावायला मीच विसरलो," काका म्हणाले. "कुंपणाचा दोष नाही."

बदकं तीन उरली होती. आणि निखिल तासाभरात मोजायला येणार होता.

रफिक कारची किल्ली काढून म्हणाला, "काका, नजफगडच्या बाजारातून तसंच एक बदक आणतो. कुणाला कळणार आहे?"

"नाही. आहेत तेवढीच मोजू दे."

काका आत गेले आणि खरंच कपाटावरची बॅग खाली काढली. मला रडू आवरेना.

निखिल आला. बॅग बघितली, पिसं बघितली. खुराड्यापाशी उकिडवा बसून एकेकाकडे बोट करत मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग कढीपत्त्यापाशी थोडा वेळ उभा राहिला. आत येऊन वही मागितली, लिहिलं, सही केली आणि काकांच्या पुढे सरकवली.

काकांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "कोंबड्या सात, बदकं चार. अकरा नग, मोजून मिळाले."

काका त्याच्याकडे बघतच राहिले.

"काय बघताय बाबा? मोजूनच सही केलीय," निखिल म्हणाला. "त्या कडीला स्प्रिंग बसवू. पक्कड कुठंय?"