सभेतला गंजेटी

निजामाच्या राज्यात आमच्या गावातून सभेच्या मंचावर चढलेला पयला अडाणी माणूस म्हंजे मी. चढलो कसला, दोघांनी बखोटीला धरून वर वढला.

मंच म्हंजे दोन बैलगाड्या, जोडून लावल्याल्या. बाजाराचा दिवस, गर्दी लई. देशमुखाचा धाकला पोरगा, त्येला आमी धाकले मालक म्हणायचो. हैदराबादेत कालेजात शिकायला. सुट्टीत आलता, दोन दोस्त घिऊन. त्येनं हातातली छडी माझ्या छातीवर टेकवली आन् लोकांला म्हणाला, "बघा. गांजा माणसाचं जनावर करतो, ते असं."

मी शेळीवाणी वरडलो. लोक हसले. मला लई बरं वाटलं.

खरं तर म्या कधी येक झुरका मारला न्हाई. धूर नाकात गेला की मला शिंका सुटत्यात, आन् शिंकंसंगं धोतर बी. पर चिलीम भरायचो. मालकाच्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यावर, बैलं सांभाळायचं काम माझं. सुट्टीभर ही तिघं सकाळीच तिथं यायची. गांजा चोळायचा, चिलमीला वलं फडकं गुंडाळायचं, वर इस्तू ठिवायचा, समदं माझ्याकडं. येक दोस्त मला समजावून सांगायचा, परीक्षेच्या वक्ताला ह्यानं डोस्कं उघडतंय. शिकल्याल्याला लत लागत न्हाई म्हणं, ती लागती तुमच्यासारख्याला. मी मान हालवायचो. आपलं डोस्कं बंदच बरं, उघडायचं कावून?

मग त्येंच्या मनात नशाबंदीची सभा आली. अमीनसायबानं, म्हंजे ठाण्याच्या फौजदारानं, परवानगी बी दिली. दाखवायला गंजेटी पायजे व्हता. गावात खराखुरा व्हता येक, पर तो मालकाचा चुलता. म्हणून मला राख फासली, डोळ्याला कांदा लावला. मला वाटलं सोंग हाय, लोकांला कळंलच की.

न्हाई कळलं. गर्दीत नांदूरघाटचे पावणे उभे व्हते. बाजार करून सांजच्याला माझ्या पोरीला बघाया येणार व्हते. राख पुसत, हसत गेलो, रामराम केला. ते सोंग व्हतं म्हणून सांगितलं. पोराच्या बापानं माझ्या अंगरख्याचा वास घेतला. वास खराच व्हता, रोजचा.

"पोरीत खोट न्हाई," तो म्हणाला. "पर बाप असला."

आन् गाडी जुपली.

तसाच पळत आखाड्यावर गेलो. सभा उरकून तिघं तिथं बसल्याली. हात जोडले. मालक, तुमी फकत येकदा सांगा, ह्यो पीत न्हाई, आमीच सोंग दिलतं. पावण्यांची गाडी अजून वढ्यापतूर बी गेली नसंल.

धाकले मालक म्हणाले, "तू नसशील पीत. तुमच्यातले पितातच ना? तुझ्या पोरीसाठी मी सभेत खोटा पडू?"

आन् रिकामी चिलीम माझ्याम्होरं धरली.

म्या त्या चिलमीत बघितलं. आता ह्यात माझी पोरगीच भरायची ऱ्हायली व्हती.

"मालक, तुमच्या हातानं भरा."

तिघं खदाखदा हसले. त्येनला वाटलं, गंमत करतोय. चिलीम भुईवर ठिवली, बैलाचं दावं खुट्याला बांधलं आन् निघालो. मागून हसू येतच व्हतं. कुणाला बोल लावू? माझ्यावर हसायचं मीच शिकवलं व्हतं गावाला. पुन्ना त्या आखाड्यावर पाय ठिवला न्हाई.

मग धाकल्या मालकाचा मला सांगावा आला. फुडली सभा नांदूरघाटला, गंजेटी घिऊन जायचाय.

घरी सांगितलं, जाणार. राख लावणार न्हाई. चिलीम कोण वढतं, त्येंच्यासाठी कोण भरत व्हतं, अमीनासमोर, पावण्यासमोर नावं घिऊन सांगणार. गावातून काढलं तर माळावर पाल ठोकून ऱ्हाऊ. पर माझं तोंड आता दुसऱ्याच्या सोंगाला मिळायचं न्हाई.

पोरगी भाकरी थापत व्हती. वर न बघता म्हणाली, "सांगा आबा. पर येकदा तरी हसवल्याबिगर सांगा."