पूजेतला पाना

गुलाबी अँटिफ्रीझचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. आठेक वर्षांपूर्वी हॅमिल्टनमध्ये, खंडेनवमीच्या दिवशी, मी आमची बोट हिवाळ्यासाठी एकटीने घासूनपुसून ठेवली होती. थंडीत गोठून इंजिन फुटू नये म्हणून त्यातलं पाणी काढून अँटिफ्रीझ भरणं तेवढं बाकी होतं. पण नवऱ्याने पाना, पकड सगळं पूजेत मांडलं. "आज हत्यारांना हात लावायचा नाही." "अरे, रात्री मायनस फाइव्ह होणार आहे!" "एका रात्रीने काय होतंय?" सकाळी इंजिन तडकलेलं होतं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या मित्रांना तो हसत म्हणाला, "बोटीचं सगळं हिच्याकडे होतं." मी मूर्खासारखी चहा ओतत राहिले. आता दर खंडेनवमीला तो पूजा मांडतो. पाना मात्र माझ्या जॅकेटच्या खिशात असतो.