माठ रुसला

"सर, हिनं हात लावला म्हणून शाळेचा माठ रुसला."

पाटलाचा पोरगा उभा राहून हे म्हणाला आणि नववीचा अख्खा वर्ग खदाखदा हसला. मराठीचे सरही हसले. हसून थांबले नाहीत. फळ्याकडं वळले आणि वळणदार अक्षरात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. खाली रेघ मारली. म्हणाले, "शाब्बास. उदाहरण चोख आहे. उतरवून घ्या सगळ्यांनी."

तास अलंकारांचा होता. चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं कवी जिथं सांगतो, तिथं हा अलंकार. वारा गातो. चांदणं हसतं. नदी सागराला भेटायला धावते. मला ते फार आवडलं होतं. सरांनी उदाहरण विचारलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला होता. आमच्या दारातली बाभळ दुष्काळातही कशी हट्टानं हिरवी राहते, ते सांगायचं होतं मला. सरांची नजर माझ्या हातावरून पुढं सरकली आणि पाटलाच्या पोरावर थांबली.

माठाचं असं झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. नेवाशाकडचं आमचं गाव, प्रवरेच्या काठाचं. पण नदीत नुसती वाळू. बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी गोळा करायच्या. शाळेच्या व्हरांड्यात एकच माठ होता. बाकीची पोरं पेला बुडवून प्यायची. आम्ही बौद्धवाड्यातली पोरं ओंजळ धरून उभी राहायचो आणि शिपाई वरून पाणी ओतायचा. कायद्यात असं कुठं नव्हतं. शाळेत होतं. या तासाच्या आदल्या दिवशी शिपाई आलाच नाही. मधल्या सुट्टीत मी बराच वेळ त्याची वाट पाहिली. घशाला कोरड पडली होती. शेवटी पेला उचलला, बुडवला आणि प्याले.

पोरांनी बोंब ठोकली. हेच सर धावत आले. "माठ बाटला," म्हणाले आणि भरलेला माठ त्यांनी पायरीवर उपडा केला. त्या दुष्काळात! बघता बघता पाणी मातीत जिरलं. दुपारभर अख्खी शाळा तहानलेली राहिली. पाणी सांडणाऱ्या सरांचा कुणालाच राग आला नाही. सगळ्यांचा राग माझ्यावर.

आणि आता मी फळ्यावर होते.

"ऊठ गं," सर मला म्हणाले. "अलंकार ओळख आणि स्पष्ट कर. परीक्षेत विचारतात तसं."

मी उठले. म्हणाले, "चेतनगुणोक्ती."

"बरोबर. स्पष्टीकरण?"

"माठ निर्जीव आहे, सर. तो रुसत नाही. बाटतही नाही. रुसतो तो माणूस. स्वतःचं नाव झाकायला तो माठाचं नाव पुढं करतो."

"कुठला माणूस?"

शाळेसाठी घोटलेली शुद्ध भाषा तिथं सुटली. "तुमी, सर."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "चालती हो. आईला घेऊन ये. फळ्यापुढं उभं राहून माफी मागायची, नाहीतर या वर्गात पाऊल टाकायचं नाही."

आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. वडील कधीच गेले होते, घर तिच्या हातोडीवर चालायचं. संध्याकाळी सगळं ऐकलं आणि तिनं हातातली हातोडी खाली ठेवली.

"माफी माग बाई. गाव कोपलं तर मला कामावरून काढतीन. मंग खायाचं काय?"

"गाव कोपतं म्हंजी कोन गं, आये?"

"गाव म्हंजी गाव."

"न्हाई. नाव सांग."

ती चिडली. चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. मी हटले नाही. मग हळूच, भिंतीला कान असल्यागत, तिनं एक नाव घेतलं. पाटलाचं. मग दुसरं. थांबून आणखी एक. थोड्या वेळानं थापणं थांबलं. पीठ लागलेल्या आपल्याच बोटांकडं ती बघत राहिली. सगळी नावं एका हातावर मावली होती.

"एवढीच व्हय गं?" ती म्हणाली.

जन्मभर ती ज्याला भ्यायली ते गाव एवढंच होतं. मला रडू आलं आणि संतापही आला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत शाळेत आली. सर खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "बाई, या शाळेला असलं खपत नाही."

आईनं पदर सावरला. "शाळा दगडमातीची हाय, गुरजी. तिला काय खपायचं न् काय न्हाई? तुमाला खपत न्हाई, तसं म्हना."

माफी मागितली नाही. तिनंही नाही, मीही नाही. वर्ष संपेपर्यंत मी व्हरांड्यात, खिडकीच्या बाहेर बसून शिकले. पाणी घरून नेलं. आठवडा उलटायच्या आत आईला कामावरून काढलं. मुकादम म्हणाला, वरून हुकूम आला. आईनं विचारलं, "हुकूम आपल्या पायानं आला का? कुनी आनला?" पुढं ती लांबच्या कामावर पायपीट करत गेली आणि त्या पायपिटीनं तिचे गुडघे कायमचे गेले. त्याची भरपाई कशानंही होत नाही.

पुढं मीच मराठी शिकवायला लागले. कवितेत वारा गातो, नदी धावते, ते आवडीनं शिकवते. पण भली भली माणसं मला समजूत घालायला येतात. म्हणतात, बाई, काळच तसा होता. रूढीनं तुमचा घात केला. समाजानं अन्याय केला.

काळानं माठ उपडा केला नव्हता. रूढी खुर्चीत बसली नव्हती.

मी त्यांना बसवते, पाणी देते आणि म्हणते, "अलंकार ओळखला. आता नाव सांगा."