उलटी गुंडाळलेली कॉइल

लवू परबचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू होतो. आमच्या लालबागच्या चाळीत पाणी साडेचारला येतं. लवू त्याच्या पंधरा मिनिटं आधी नळाखाली बादली लावून उभा असतो. नोकरीतही तसंच. शेठ आठला शटर उघडायचे आणि लवू पावणेआठपासून फुटपाथवर हजर.

आम्ही दोघं परळला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं शेजारी बसलो. जळालेले पंखे आणि पाण्याचे पंप यायचे. जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. मी दिवसाला आठ पंखे करायचो, लवू पाच. तो ओठ हलवत एकेक फेरा मोजायचा आणि मध्ये कोणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

"लवू, पंखो आसा रे, जपमाळ नाय," मी म्हणायचो.

तो मोजत राहायचा. पगार दोघांचा सारखा. मात्र हॉस्पिटलचा पंप आला की शेठ तो लवूच्याच पुढ्यात ठेवायचे. आठ पंखे करणाऱ्याला हे बघत बसावं लागायचं.

दुकान बंद झाल्यावर दोघंही घरी बसलो. चाळीत कोणाचा पंखा बिघडला की लोक माझ्याकडे यायचे. मी पहिल्या मजल्यावर राहतो, लवू तिसऱ्या. पण लोक माझा हात बघून येतात, असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी श्रावणात दुसऱ्या मजल्यावरचा उन्मेष माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. तो मिरवणुकांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत असतो. त्याच्या गिटारच्या तारांखाली दोन पट्ट्या आहेत, एक पुढे, दांडीकडे म्हणजे गळ्याजवळ, आणि एक मागे. त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे सात-आठ हजार फेरे, म्हणजे कॉइल. बटन फिरवून पुढची पट्टी लावता येते, मागची लावता येते किंवा दोन्ही एकत्र.

"काका, पुढची लावली की कान फाटतात, मागची लावली की आवाज बसतो," उन्मेष म्हणाला. "गाण्यात बटन फिरवलं की मीच गायब. रविवारी गणपतीचं आगमन आहे. तेव्हाही असंच झालं तर पार्टीवाला दुसरा गिटारवाला बघणार."

मागची कमजोर, म्हणजे फेरे कमी. मी कॉइल सोडली आणि नवी तार गुंडाळायला घेतली. पंख्याची तार हाताला कळते, ही डोळ्यालाही दिसत नव्हती. दोनदा तुटली. तिसऱ्या वेळी रीळ डावीकडे ठेवलं आणि गुंडाळायच्या यंत्राचं हँडल उलट्या बाजूने फिरवलं. तार हिसका न देता यायला लागली. मूळच्यापेक्षा हजार फेरे जास्त बसवले. पूर्ण दोन दिवस गेले. मीटरवर रेझिस्टन्स बरोबर आला, सोल्डरचा डाग देऊन तारा जोडल्या आणि गिटार बंद केली. असं काम परळमध्ये दुसऱ्या कोणी केलं नसतं.

उन्मेषने मागची पट्टी लावून वाजवली. आवाज दणदणीत. मी कौसल्येकडे, म्हणजे बायकोकडे, बघितलं. मग त्याने दोन्ही एकत्र लावल्या आणि डबीत मच्छर कोंडावा तसा आवाज आला.

"काका, हे तर आधी चांगलं होतं."

मी पुन्हा मीटर लावला. सगळं बरोबर. "तुझं बटन गेलंय," मी म्हणालो. त्याने बटन साफ केलं. तरी मच्छर.

"अहो, लवूभावोजींना दाखवा ना," कौसल्या म्हणाली.

"त्याने जन्मात गिटार पाहिलेली नाही."

"तुम्ही तरी कुठे पाहिली होती?"

उन्मेष गिटार घेऊन वर गेला. पाच मिनिटांनी परत आला. "काका, लवूकाकांनी तुमचा काट्याचा मीटर मागितलाय."

मीटर कोणाच्या हाती द्यायची मला सवय नाही. मी स्वतः घेऊन गेलो.

लवूने मीटर पुढच्या पट्टीच्या दोन टोकांना लावला. पट्टीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि झटकन उचलला. काटा उजवीकडे उडाला. मागच्या पट्टीवर तेच केलं. काटा डावीकडे. दोन्हीकडे तीन-तीनदा करून बघितलं. मग मला विचारलं, "हँडल खंयच्या बाजूक फिरवलंस?"

लवूच्या बायकोने, मालनवहिनींनी, चहा दिला होता. मी तो पीत राहिलो. उत्तर काट्याने दिलंच होतं. कॉइल उलटी गुंडाळली गेली होती, त्यामुळे दोन्ही एकत्र लावल्या की एक ढकलायची, दुसरी ओढायची, आणि आवाज एकमेकांत मरायचा. रेझिस्टन्स मोजून हे कळत नाही. मोटार असती तर गुरगुरली असती आणि मी लगेच ओळखलं असतं.

लवूने मागच्या पट्टीच्या दोन तारा काढून अदलाबदल करून जोडल्या. मग पुढच्या पट्टीचे दोन स्क्रू फिरवून ती तारांपासून थोडी खाली नेली.

"गळ्याकडे तार जास्त हलता, म्हणून थंय आवाज मोठो," तो म्हणाला. "फेरे वाढवची गरज नव्हती."

म्हणजे माझे दोन दिवस लागतच नव्हते. त्याला वीस मिनिटं लागली, आणि मीटर माझा.

उन्मेषने बटन तिन्ही जागी फिरवून वाजवलं. आवाजाचा रंग बदलत होता, जोर तेवढाच राहत होता. "लवूकाका, एक नंबर!"

लवू माझ्याकडे बोट करून म्हणाला, "वाइंडिंग हेचा आसा. एक फेरो सैल नाय. माका जमला नसता."

टोमणा मारला असता तर भांडता आलं असतं. मी मीटर उचलून खाली आलो.

रविवारी आगमनाची मिरवणूक चाळीसमोरून गेली. मी गॅलरीत उभा राहून फक्त गिटार ऐकत होतो. एकदा तरी आवाज बसावा, असं मनात होतं. बसला नाही. उन्मेष पार्टीत टिकला.

त्यानंतर परळच्या, दादरच्या पार्ट्यांच्या गिटारी येऊ लागल्या. माटुंग्याहून कॉलेजची पोरं येऊ लागली. माझ्या दारात थांबून विचारतात, "लवूकाका कुठे राहतात?" मी बोट वर करतो.

"तू गुंडाळ, मी जोडतंय," लवू एकदा जिन्यात म्हणाला. मी कंबरदुखी सांगितली. माझी कंबर ठणठणीत आहे.

यंदा आषाढात लवूने गिटारच्या मजुरीतून चाळीच्या तळमजल्यावरचा अर्धा गाळा भाड्याने घेतला. तीस वर्षं शेठच्या टेबलावर काम केलेल्या माणसाने स्वतःचं सागवानी टेबल करून घेतलं. मी ते हाताने दाबून बघितलं. हलत नाही. दूध आणायला जाताना मला रोज त्याच्यासमोरूनच जावं लागतं.